हातभर अंतर

१९९९ च्या मार्च महिन्यात बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये मी रंगरूट म्हणून दाखल झालो, तेव्हा पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत सहा वर्षे घाम गाळलेला आणि आसपासच्या जत्रांत दहा-बारा कुस्त्या मारलेला एकोणीस वर्षांचा मुलगा होतो. प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात ‘अनआर्म्ड कॉम्बॅट’ असा तास लिहिलेला पाहिला, तेव्हा बाकी काही नसले तरी हा विषय आपल्याला नवा नाही, अशी माझी समजूत झाली. ती समजूत आठवड्याभरात मोडली. ती मोडणे का आवश्यक होते हे समजायला मात्र बराच काळ जावा लागला, आणि तेच इथे सविस्तर लिहायचे आहे. कारण हातघाईचे प्रशिक्षण म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर कौले आणि विटा फोडणारे जवान येतात, आणि त्या प्रशिक्षणातून जवानाला खरोखर काय मिळते याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

रंगरूटाचा दिवस पहाटेच्या पीटीने सुरू होतो आणि ड्रिल, हत्यारांची ओळख, फायरिंग, नकाशावाचन, पुन्हा संध्याकाळचा खेळ असा रात्रीच्या हजेरीपर्यंत चालतो. त्यात हातघाईच्या तासाला, ज्याला सगळे ‘यूएसी’ म्हणत, फार मोठा वाटा नव्हता. शिकवणारे उस्ताद सातारा जिल्ह्यातले हवालदार होते, बुटके, आवाजाने हळू, आणि इतर उस्तादांसारखे ओरडताना मी त्यांना क्वचितच पाहिले. पहिला पूर्ण आठवडा त्यांनी आम्हाला फक्त पडायला शिकवले. पुढे पडणे, मागे पडणे, कुशीवर पडणे, पळता पळता पडणे. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहाताने जमिनीवर थाप. लाल मातीत लहानपणापासून लोळलेल्या मला त्यात काही विशेष वाटले नाही. मग दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पाठीवर पिट्ठू, कमरेला पाण्याची बाटली आणि पाऊच, डोक्यावर हेल्मेट घालून तेच करायला लावले, आणि तालमीतले माझे सगळे पडणे निकामी ठरले. पाठीवर ओझे असताना पाठ गोल होत नाही, हेल्मेटचे वजन मान मागे ओढते, बाटली नेमकी बरगडीखाली येते. उघड्या अंगाने लंगोट लावून मातीत पडणे आणि लढाईच्या पोशाखात दगडावर पडणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्या दिवशी माझ्या कमरेला कळले.

त्यानंतरचा प्रसंग मी पुढे माझ्या प्रत्येक तुकडीला सांगत आलो. उस्तादांनी विचारले की तुमच्यात पैलवान कोण आहे. मुलांनी माझ्याकडे बोट दाखवले. उस्ताद मला म्हणाले, “ये, धर मला.” मी थोडा वेळ खडाखडी केली, संधी बघून पट काढला, म्हणजे त्यांचे पाय ओढले, आणि त्यांना खाली घेतले. ते खरोखरच खाली आले, आणि मी त्यांच्या छातीवर बसून खांदे मातीला टेकवण्याच्या बेतात होतो. आमच्या जत्रेत एवढ्यावर शिट्ट्या वाजल्या असत्या. तेवढ्यात माझ्या पाठीत, मानेच्या खाली, काहीतरी टोचले. वळून पाहिले तर उस्तादांनी आधीच खुणेने उभा केलेला एक रंगरूट हातात बांबूची काठी घेऊन मागे उभा होता, आणि तिचे टोक माझ्या पाठीवर होते. खालून उस्ताद म्हणाले, “तू मला धरलंस, बरोबर आहे. पण तुझ्या मागं कोण आहे ते बघितलंस का? मी एकटाच आलोय असं तुला कुणी सांगितलं?”

कुस्तीबद्दल माझ्या मनात आजही अपार आदर आहे आणि माझ्या अंगातले बळ, दम आणि तोल हे तिनेच दिले आहेत. पण कुस्तीत समोर एकच माणूस असतो, पंच असतो, हौद्याला कड असते, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की सगळे संपते. लढाईत जमिनीवर जाऊन एकाला घट्ट धरून बसणे म्हणजे दुसऱ्यासाठी स्वतःला जागेवर खिळवून ठेवणे असते. तालमीतल्या वस्तादांनी मला पकड सोडू नको असे सहा वर्षे शिकवले होते. सेंटरमधल्या उस्तादांना मला पकड सोडायला शिकवायची होती. दोन्हीकडे शब्द जवळजवळ एकच आहे, पण धडा नेमका उलटा होता, आणि अंगवळणी पडलेली गोष्ट सोडणे हे नवी गोष्ट शिकण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. ज्या मुलांनी कधी तालीम पाहिलीही नव्हती ती त्या महिन्यात माझ्यापुढे गेली.

सुरीचा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. सुरीसमोर रिकाम्या हाताने काय करायचे याचे डाव शिकायला आम्ही उत्सुक होतो. उस्तादांनी एक लाकडी सुरी आणली, तिच्या पात्याला ओला गेरू फासला, आम्हाला पांढऱ्या बनियनवर उभे केले आणि जोडीतल्या एकाला सांगितले की तुला जसे सुचेल तसे मार, आणि दुसऱ्याला सांगितले की तुला जसे सुचेल तसे वाचव. वीस सेकंदांनी शिट्टी वाजली. मला वाटत होते की मी बहुतेक वार अडवले आहेत. निदान दोनदा मी त्याचे मनगट धरले होते. बनियन काढून मोजले तेव्हा पोटावर चार, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला पाच, आणि मानेपाशी एक अशा दहा गेरूच्या रेघा होत्या. मानेपाशीची रेघ मला लागल्याचे जाणवलेसुद्धा नव्हते. उस्तादांनी त्या दिवशी एकही डाव शिकवला नाही. हातात काहीतरी घ्या, मेस टिन, पट्टा, दगड, हेल्मेट, काहीही. अंतर वाढवता येत असेल तर वाढवा. आणि जवळ जावेच लागले तर माणसाच्या चेहऱ्याकडे बघू नका, त्याचा जो हात दिसत नाही तो आधी शोधा, एवढेच त्यांनी सांगितले. रंगरूटाला खोटा आत्मविश्वास देणे हे त्याला काहीच न शिकवण्यापेक्षा वाईट आहे, असे त्यांचे ठाम मत होते, आणि चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर माझेही तेच मत आहे.

एक चूक मला इथे कबूल करायची आहे. सांधे पिळण्याच्या पकडी शिकत असताना नियम असा होता की जोडीदाराने अंगावर किंवा जमिनीवर दोनदा थाप मारली की त्याच क्षणी पकड सोडायची. माझा जोडीदार नांदेडकडचा होता, अंगाने माझ्याहून हलका आणि जिद्दीला माझ्याहून वरचढ. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याने मला मात दिली होती, आणि तिसऱ्या फेरीत मला त्याचा हात पाठीमागे पिळता आला तेव्हा त्याने थाप मारली, ती मी ऐकली, आणि तरीही एक क्षणभर, फक्त त्याला कळावे म्हणून, दाब वाढवला. खांद्यातून आलेला तो आवाज मी विसरलेलो नाही. त्याला दवाखान्यात दाखल व्हावे लागले, तो आमच्या तुकडीतून मागे पडला आणि पुढच्या तुकडीबरोबर त्याची कसम परेड, म्हणजे प्रशिक्षणाअखेरची शपथेची परेड, झाली. मला रगडा मिळाला तो मिळालाच. पण संध्याकाळी उस्तादांनी मला एकट्याला बोलावून जे सांगितले ते शिक्षेपेक्षा जड होते. ते म्हणाले, “उद्या तुझ्या हातात रायफल असेल. थांब म्हटल्यावर जो थांबत नाही, त्याच्या हातात मी रायफल कशी देऊ?” त्या रंगरूटाची मी माफी मागितली आणि त्याने ती मोठ्या मनाने दिली; आमची मैत्री आजही आहे.

पावसाळा लागला तसे संगिनीचे प्रशिक्षण सुरू झाले. बेळगावचा पाऊस एकदा लागला की दिवसेंदिवस उघडत नाही. मैदानातली लाल माती बुटांना अशी चिकटते की पाय दुप्पट जड होतात. लाकडी चौकटींना पेंढा भरलेली पोती टांगलेली, काही पोती खंदकात आडवी टाकलेली, आणि हातात साडेचार किलोच्या आसपास वजनाची एसएलआर रायफल, पुढे संगीन लावलेली. धावत जायचे, घोषणा द्यायची, भोसकायचे, उपसायचे, पुन्हा पवित्र्यात यायचे आणि पुढच्या पोत्याकडे पळायचे. घोषणा आमच्या पलटणींची ठरलेलीच आहे: “बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!” सुरुवातीला ती ओरडताना संकोच वाटतो, आवाज घशात अडकतो. उस्ताद सांगत की घोषणा शत्रूला घाबरवण्यासाठी आहे हे अर्धेच खरे आहे. ओरडताना श्वास आपोआप बाहेर जातो, आणि भीतीने कोंडलेला श्वास मोकळा झाला की पाय चालू लागतात. हे मी पुढे शेकडो मुलांच्या बाबतीत पाहिले. जो तोंड मिटून धावतो तो पोत्यापाशी पोचल्यावर हमखास थबकतो.

त्याच दिवसांत कारगिलच्या बातम्या येत होत्या. रेजिमेंटच्या पलटणींतल्या लोकांची पत्रे येत, आणि बरॅकमध्ये रेडिओभोवती गर्दी होई. त्या युद्धात शिखरे परत मिळाली ती तोफखान्याच्या, हवाई दलाच्या आणि पायदळाच्या एकत्रित कामगिरीने, आणि बोफोर्सच्या माऱ्याशिवाय ते अशक्य होते, हे मी आवर्जून लिहितो, कारण हातघाईची थोरवी सांगताना बाकीच्यांचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण उतारावरून चढत जाऊन शत्रूच्या बंकरपाशी पोचल्यावर शेवटचे काही हात अंतर जवानालाच काटायचे होते. रायफलमन संजय कुमार आणि कॅप्टन विक्रम बत्रा या दोघांनाही परमवीर चक्र मिळाले, आणि दोघांच्याही मानपत्रांत समोरासमोरच्या हातघाईचा स्पष्ट उल्लेख आहे.

आमच्या स्वतःच्या रेजिमेंटचा दाखला तर आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितला गेला होता. नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे सोबती पडले. ते एकटे पुढे धावत गेले, ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोघांना निकामी केले, आणखी एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही असे दिसताच हातातली टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारले. नंतर लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. रंगरूट असताना ही हकिगत मला केवळ शौर्याची वाटली होती. पुढे शिकवताना माझे लक्ष त्यातल्या एका बारीक गोष्टीकडे जाऊ लागले: मॅगझिन बदलायला वेळ नाही हे त्यांना कळले, आणि ते कळल्यावर त्यांनी एक क्षणही वाया घालवला नाही. बंदूक ही गोळ्या संपल्यावरही हत्यार राहते, हे त्यांच्या हातांना माहीत होते.

२००४ च्या जानेवारीत मी राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अतिरेकीविरोधी दलात, काश्मीरमधल्या कुपवाडा जिल्ह्यात होतो. एका गावात दोन अतिरेकी मुक्कामाला आल्याची खबर मिळाली आणि मध्यरात्रीनंतर आम्ही घेरा टाकला. मी आतल्या घेऱ्यात होतो. एका घराची मागची भिंत आणि गोठा यांच्यामधली बोळवजा जागा माझी, आणि माझा जोडीदार कोपऱ्यापलीकडे दहा-बारा पावलांवर. अंगात बुलेटप्रूफ जॅकेट, डोक्याला गोळीरोधक पटका, एके रायफल साखळीने पट्ट्याला अडकवलेली, कारण त्या भागात हत्यार हिसकावून नेण्याचे प्रकार होत असत. बर्फ पडून गेले होते आणि तीनच्या सुमाराला इतकी शांतता होती की गोठ्यातल्या जनावराचा श्वास ऐकू येत होता. अचानक गोठ्याचे दार आतून उघडले आणि फेरन, म्हणजे काश्मिरी पायघोळ झगा, घातलेला एक माणूस माझ्यापासून दोन पावलांवर बाहेर आला. फेरनच्या आत दोन्ही हात, आणि पोटापाशी काहीतरी गोल, जड.

मी दबक्या आवाजात “थम” म्हणालो. तो थांबला नाही. दचकून पुढेच आला, त्याचा एक हात बाहेर आला आणि त्याने माझ्या रायफलची नळी पकडून बाजूला ढकलली. दुसरा हात आतच होता, त्या गोल वस्तूवर. तो ग्रेनेड आहे याविषयी माझ्या मनात तेव्हा काहीही शंका नव्हती.

या जागी मी रायफल मागे ओढली असती, आणि कोणीही न शिकलेला माणूस हेच करतो, तर त्याने धरलेल्या नळीबरोबर तोही माझ्याकडे ओढला गेला असता, नळी त्याच्या पोटासमोर आली असती आणि त्या झटापटीत माझे बोट ट्रिगरवर गेले असते. तसे झाले नाही, याचे कारण मी विचार केला हे नव्हे. विचार करायला सवडच नव्हती. माझा डावा पाय पुढे पडला, दस्ता वर फिरला, त्याच्या अंगठ्याच्या बाजूने पकड सुटली, आणि माझ्या डाव्या हाताने त्याचा न दिसणारा हात फेरनसकट त्याच्याच पोटाशी दाबून धरला. आम्ही दोघे खाली आलो. मी त्याच्यावर बसलो नाही. एक गुडघा खांद्यावर ठेवून पाठ भिंतीकडे केली, म्हणजे गोठ्याचे दार माझ्या नजरेत राहिले. तेवढ्यात माझ्या डाव्या हाताला चटका बसला आणि लोकर जळाल्याचा वास आला. ती कांगडी होती, काश्मिरी लोक उबेसाठी झग्याच्या आत धरतात ती छोटी शेगडी. तिच्यातले निखारे माझ्या बाहीत सांडले होते.

खालच्या माणसाचे वजन चाळीस-पंचेचाळीस किलोंपेक्षा जास्त नसेल. त्याचा मोकळा हात बर्फावर आपटत होता, एकदा, दोनदा. तो काही खूण म्हणून आपटत नव्हता, वेदनेने आपटत होता. पण माझी पकड त्या आवाजाबरोबर सैल झाली, आणि बेळगावच्या मैदानावरचा तो नांदेडचा मुलगा मला तिथे, त्या अंधारात, लख्ख आठवला. जोडीदार धावत आला, आम्ही टॉर्च लावला. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता. घरची गाय विणार होती म्हणून कांगडी घेऊन रात्रभर गोठ्यात बसला होता, आणि बाहेर काय चालले आहे याचा त्याला पत्ता नव्हता. कंपनी कमांडर साहेबांनी त्याची चौकशी केली आणि सकाळी त्याला त्याच्या आजोबांच्या स्वाधीन केले. ज्यांच्या शोधात गेलो होतो ते त्या रात्री सापडले नाहीत. माझ्या डाव्या हातावर मनगटाच्या वर दोन बोटे रुंद डाग अजून आहे.

हातघाईच्या प्रशिक्षणाची खरी किंमत मला त्या रात्री कळली. हे प्रशिक्षण मारायला शिकवते हे खरे आहे, आणि सैनिकाला ते शिकावेच लागते. परंतु त्याचबरोबर ते त्याला दुसऱ्या माणसाच्या स्पर्शाची भीती न बाळगायला शिकवते. ज्याच्या अंगाला कधी कोणी हात लावलेला नाही, त्याला अंधारात कोणी धरले तर तो घाबरून गोळीच झाडणार, कारण त्याच्याजवळ दुसरे काही नसते. ज्याला शंभर वेळा धरले गेले आहे, पाडले गेले आहे, गेरूच्या सुरीने भोसकले गेले आहे, त्याच्याजवळ हातभर अंतरातही एक सेकंद शिल्लक राहतो. त्या मुलाचा जीव त्या एका सेकंदात वाचला, आणि माझेही पुढचे आयुष्य.

नंतर मी पुण्याला जाऊन शारीरिक प्रशिक्षणाचा कोर्स केला आणि सेंटरमध्ये उस्ताद म्हणून परत आलो. तिथे आणि इतरत्रही हा वाद मला वारंवार ऐकावा लागला की ड्रोनच्या आणि रात्री दिसणाऱ्या दुर्बिणींच्या काळात हे तास फायरिंगला द्यावेत. एका तरुण अधिकारी साहेबांनी मला हे अगदी मोकळेपणाने विचारले होते. मी त्यांना म्हणालो, “साहेब, फायरिंगचा एक तासही कमी व्हावा असे मी म्हणणार नाही. पण आपला जवान किती वेळा अशा जागी उभा असतो जिथे त्याला गोळी झाडण्याची मुभा नाही, किंवा झाडू नये अशी अपेक्षा आहे, तेही मोजा.” जमावासमोर उभा असलेला जवान, गेटवरचा संत्री, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेली पलटण, घराघरांतून झडती घेणारी तुकडी, या सगळ्यांना इशारा आणि गोळी यांच्यामधले काहीतरी हातात लागते, आणि ते देणारे दुसरे प्रशिक्षण मला माहीत नाही. माझी तक्रार वेगळीच होती. एके ठिकाणी पाहुणे यायचे म्हणून दोन-दोन आठवडे मुलांकडून कौले फोडून घेतली गेली, पेटत्या कड्यांतून उड्या मारून घेतल्या गेल्या, आणि जोडीने करायचा खरा सराव तेवढ्यापुरता बंद राहिला. कौल परत मारत नाही. प्रात्यक्षिकाला माझा विरोध नाही, त्याने उत्साह वाढतो. पण ते प्रशिक्षणाच्या वेळेतून काढले जाऊ नये, असे मी तेव्हाही लेखी सांगितले होते.

२०२० च्या जूनमध्ये कोरोनामुळे आमच्या वर्गात जोडीचा सराव थांबवलेला होता. मुले अंतर ठेवून वाळूच्या पोत्यांवर हात चालवत होती. १५ जूनच्या रात्री गलवानच्या खोऱ्यात जे घडले त्याची बातमी आली. कर्नल संतोष बाबू यांच्यासह वीस जवान गेले, आणि एकही गोळी सुटली नव्हती. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असा करार भारत आणि चीन यांच्यात १९९६ मध्ये झालेला आहे. त्यामुळे तिथे चकमक झाली ती खिळे ठोकलेल्या दंडुक्यांनी, गजांनी, दगडांनी आणि हातांनी, चौदा हजार फुटांच्या आसपासच्या उंचीवर, अंधारात, बर्फासारख्या थंड पाण्याच्या काठी. दुसऱ्या दिवशीच्या तासाला मुले नेहमीसारखी रांगेत उभी होती, पण कोणीही एकमेकांशी बोलत नव्हते. एका मुलाने हात वर करून विचारले, “उस्ताद, जोडीचा सराव परत कधी सुरू होणार?” त्या उंचीवर माणूस चार पावले धावला तरी छाती फुटायला येते, आणि तिथे पडलेला माणूस कपडे भिजल्यावर किती वेळ टिकेल हे सांगायला नको. म्हणून सराव परत सुरू झाला तेव्हा मी क्रम बदलला. आधी मुलांना दम लागेपर्यंत पिट्ठू घालून पळवायचे आणि मगच जोडीने उभे करायचे. एकास एक कमी, एकास दोन आणि तिघांस पाच जास्त. पडलेल्या सोबत्याला पट्ट्याला धरून मागे ओढत आणायचे, आणि ते करताना तोंड शत्रूकडे ठेवायचे. गलवाननंतर लष्करात या विषयाकडे नव्याने लक्ष गेले आणि ‘आर्मी मार्शल आर्ट्स रूटीन’, म्हणजेच ‘अमर’, या नावाने एक सामाईक पद्धत आखली गेली, याचे मला मनापासून समाधान आहे. रेजिमेंटा वेगळ्या असल्या तरी एका घेऱ्यात उभ्या राहणाऱ्या जवानांना एकमेकांच्या हालचाली कळल्या पाहिजेत.

२०२३ मध्ये मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि गावी परतलो. आमच्या तालमीत आता कुस्तीबरोबर भरतीची तयारी करणारी मुले येतात. पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात आणि मग मातीत उतरतात. वस्तादांच्या परवानगीने मी त्यांना आठवड्यातून दोन दिवस शिकवतो. डाव मी शिकवत नाही, ते सेंटरमध्ये शिकवले जातीलच. मी त्यांना दप्तरात विटा भरून पाठीवर घ्यायला लावतो आणि पडायला शिकवतो. हनुवटी छातीला, तळहाताची थाप. परवा दोन भाऊ जोडीने उभे होते, थोरल्याने धाकट्याचा हात पिळून धरला होता आणि त्याचे दात आवळलेले होते. धाकट्याने मातीवर थाप मारली. पहिल्या थापेचा आवाज होतो न होतो तोच थोरल्याने दोन्ही हात उघडून वर केले, आणि मग माझ्याकडे पाहिले.